वर्गणीतली नको ती बाब वगळून भरता येते का? राष्ट्रसंघाचा हिशेब आणि वाडीची वही

प्रश्न असा आला आहे. दापोली तालुक्यातल्या एका वाडीत चाळीस घरं. ग्रामीण मंडळ आणि मुंबई मंडळ यांनी मिळून वर्षाची वर्गणी घरटी १,२०० रुपये ठरवली. नळपाणी योजनेचं वीजबिल आणि पंपाची देखभाल १८,०००, शिमग्याची पालखी ११,०००, सभामंडपाची दुरुस्ती १२,००० आणि किरकोळ ७,०००, असे ४८,००० धरले होते. मुंबईतल्या सात बिऱ्हाडांनी सभामंडपाचे ३०० वजा करून ९००च पाठवले. वर निरोप दिला की अमेरिकासुद्धा युनोची वर्गणी अशीच निवडून भरते, तिचं कोणी काही वाकडं केलंय का? वाडीचे चिटणीस विचारतात: अमेरिका खरंच असं करते का, ते नियमात बसतं का, आणि हे ९०० वहीत लिहायचे कसे?

अमेरिका असं करते, आणि बरीच वर्षं करते आहे. नियमात ते बसत नाही. वहीत कसं लिहायचं ते मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. एकाच वर्गणीतली एक बाब वगळली म्हणून त्या बाबीचे पैसे कमी पडत नाहीत. कमी पडतात ते ज्याचं बिल शेवटी येतं त्याचे.

आधी पट्टी आणि देणगी यांची गल्लत सोडवू. संयुक्त राष्ट्रसंघाकडे पैसा दोन वाटांनी येतो. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संस्था यांचा खर्च मुख्यतः स्वेच्छेने दिलेल्या पैशावर चालतो. तिथे एखाद्या देशाने ‘हे पैसे फक्त लसीकरणाला’ असं सांगून दिले किंवा एखाद्या वर्षी काहीच दिलं नाही, तरी नियमभंग होत नाही. देवळाच्या दीपमाळेला कोणी पाच हजार दिले, कोणी दिले नाहीत, तसंच हे. दुसरी वाट आकारणीची, म्हणजे पट्टीची. सनदेच्या १७व्या कलमाचा दुसरा परिच्छेद सांगतो की संघटनेचा खर्च आमसभा वाटून देईल त्या प्रमाणात सदस्य उचलतील. इथे ‘मला वाटलं तर’ला जागा नाही. बातम्यांत दोन्ही पैसे ‘निधी रोखला’ या एकाच शब्दाखाली येतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोळ होतो. प्रत्येक बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: रोखलेली रक्कम पट्टीतली की देणगीतली?

पट्टी ठरते ती दर तीन वर्षांनी. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न, त्यावरचं कर्ज, दरडोई उत्पन्न कमी असेल तर सवलत, असा हिशेब करून टक्केवारी काढतात. सगळ्यात लहान वाटा ०.००१ टक्का, सगळ्यात मोठा २२ टक्के, आणि ही वरची मर्यादा फक्त अमेरिकेलाच लागते. २०२५ ते २०२७ साठी चीनचा वाटा सुमारे २० टक्के आहे, भारताचा १.१०६. नियमित अंदाजपत्रक २०२५ साली सुमारे ३७२ कोटी डॉलरचं होतं, म्हणजे अमेरिकेच्या वाट्याला साधारण ८२ कोटी. शांतिसेनेचं अंदाजपत्रक निराळं. त्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि वाटेही निराळे. गरीब देशांना दिलेली सवलत सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांनी उचलायची अशी रीत असल्यामुळे तिथे अमेरिकेचा वाटा २६ टक्क्यांच्या वर जातो आणि भारताचा पाव टक्क्याहूनही खाली येतो.

आता मुख्य मुद्दा. पैसे आल्यावर राष्ट्रसंघ ते कुठे जमा करतो? वित्तीय नियम स्पष्ट आहे: सदस्याने भरलेली रक्कम आधी खेळत्या भांडवलाच्या निधीतल्या त्याच्या देण्याला जाते, मग सगळ्यात जुन्या आकारणीला, मग त्यापुढच्या, अशा क्रमाने. भरणाऱ्याने सोबतच्या पत्रात काहीही लिहिलं तरी क्रम बदलत नाही. म्हणजे एखाद्या देशाने ‘अमुक समितीचा खर्च वजा करून हे पैसे पाठवतो आहे’ असं कळवलं, तर हिशेबात त्या समितीच्या नावापुढे काहीही कमी होत नाही. त्या देशाच्या नावापुढे बाकी उभी राहते, एवढंच. समितीचा खर्च आमसभेने मंजूर केलेला असतो, तो चालू राहतो. तिजोरीत जेवढी तूट आली तेवढी सगळ्यांच्या खर्चात पसरते, आणि सगळ्यात जास्त झळ लागते ती ज्या खर्चाला पुढे ढकलता येतं त्याला: रिकाम्या जागा, दुरुस्त्या, प्रवास, भाषांतर.

तुमच्याच वाडीत हे कसं घडेल ते बघा. सात घरांचे तीनशे म्हणजे २,१०० रुपये कमी आले. जमले ४५,९००. सभामंडपाचे पत्रे आणि रंग दिवाळीनंतर लगेच झाले, मिस्त्रीचं १२,०००चं बिल तेव्हाच चुकतं झालं. शिमगा फाल्गुनात होऊन गेला. वर्षाच्या शेवटी, वैशाखात, विहिरीचं पाणी खाली गेलं, पंप कोरडा फिरला आणि मोटर जळली. वाइंडिंगवाला रोख मागतो, आणि खजिनदाराच्या पेटीत नेमके दोन हजार कमी आहेत. ज्या सभामंडपाला हरकत होती तो रंगवून उभा आहे, आणि हंडे घेऊन उतरणीला जाणाऱ्या बायकांमध्ये त्याच सात घरांतल्या म्हाताऱ्या आया आहेत. कोणाचंही मन वाईट नाही. एका पेटीतून अनेक खर्च भागवायचे म्हटलं की असंच होतं.

अमेरिकेच्या नियमित अंदाजपत्रकातल्या वजावटी बहुतेक अशाच आहेत. १९८०च्या सुमारापासून तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, पॅलेस्टिनी हक्कांसाठी नेमलेल्या समितीचा आणि तिच्याशी निगडित कामांचा आपला हिस्सा भरू नये असा कायदा ठेवला आहे. १९८२च्या अखेरीस अध्यक्ष रेगन यांनी सागरी कायद्याच्या कराराच्या तयारी आयोगाचा हिस्सा रोखण्याचं जाहीर केलं. बारा आणि दोनशे सागरी मैलांच्या ज्या हद्दी कोकणातल्या प्रत्येक बोटवाल्याला ठाऊक आहेत, त्या पक्क्या करणारा हाच करार. आयोगाचं काम थांबलं नाही आणि करार १९९४ साली अमलातही आला. मानवी हक्क परिषदेच्या बाबतीतही पुढे असंच वजा करण्यात आलं. रक्कम काढण्याची पद्धत सरळ आहे: त्या कामाचा वर्षाचा खर्च गुणिले अमेरिकेचा वाटा. काम दहा लाख डॉलरचं असेल तर वजावट २ लाख २० हजारांची. राष्ट्रसंघाच्या पुस्तकात ही रक्कम ‘न भरलेली आकारणी’ म्हणूनच राहते. अमेरिका तिला थकबाकी मानत नाही, संघ मानतो. म्हणून थकबाकीचे दोन आकडे कायम वेगवेगळे ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या हिशेबाने बरोबर असतात.

सात बिऱ्हाडांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ती निखालस चुकीची नाही. त्यांना म्हणता येईल की सभामंडप हे मंडळाचं कामच नव्हे, मंडळ पाणी आणि शिमगा यांसाठी आहे, मग त्याच्या उद्देशाबाहेरचा खर्च आमच्या माथी का? हाच मुद्दा राष्ट्रसंघात साठ वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि त्याचा निकालही लागला आहे.

१९५६ साली सुएझच्या वेळी आणि १९६० साली काँगोत राष्ट्रसंघाने सैन्य पाठवलं. दोन्हीकडे भारतीय जवान होते. सोव्हिएत संघाने खर्च उचलायला नकार दिला, काँगोच्या बाबतीत फ्रान्सनेही. म्हणणं असं की सैन्य पाठवणं हा सुरक्षा परिषदेचा अधिकार, आमसभेने परस्पर केलेला खर्च संघटनेचा खर्चच नव्हे. शिवाय हे खर्च नियमित अंदाजपत्रकात नव्हते, स्वतंत्र खात्यात ठेवले होते. तेव्हा ते वैकल्पिक आहेत, असाही युक्तिवाद झाला. आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला मत विचारलं. २० जुलै १९६२ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी सांगितलं की हे संघटनेचेच खर्च आहेत. कसोटी अशी लावली: खर्च संघटनेच्या उद्दिष्टांशी जोडलेला आहे का? असेल, तर तो अधिकाराबाहेरचा नाही असं गृहीत धरायचं. त्याच डिसेंबरात आमसभेने हे मत स्वीकारलं.

यातून वाडीला दोन गोष्टी घेता येतात. स्वतंत्र खातं केलं म्हणजे ती बाब आपोआप ऐच्छिक होत नाही. ऐच्छिक करायची तर ठरावात तसं लिहावं लागतं. आणि एखाद्या खर्चाला हरकत घ्यायची तर ‘मला नको’ एवढं पुरत नाही, ‘मंडळाच्या घटनेतल्या उद्देशांत हे बसत नाही’ किंवा ‘सभा नियमाप्रमाणे झाली नाही’ असं दाखवावं लागतं. म्हणून चिटणीसांनी सगळ्यात आधी मंडळाच्या घटनेचं उद्देशांचं पान काढून बघावं, आणि ज्या सभेत १,२०० ठरले त्या सभेचं इतिवृत्त. सूचना किती दिवस आधी गेली, गणपूर्ती होती का, सभामंडपाचा खर्च विषयपत्रिकेवर होता की ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून घुसला? तो आयत्या वेळी आला असेल तर हरकतीत तथ्य आहे, आणि मी सात घरांच्या बाजूने बोलेन. विषयपत्रिकेवर असेल, बहुमताने मंजूर झाला असेल आणि उद्देशांत बसत असेल, तर बाराशे म्हणजे बाराशे.

न्यायालयाचं मत आलं म्हणून पैसे आले मात्र नाहीत. तूट भरून काढायला राष्ट्रसंघाने २० कोटी डॉलरपर्यंतचे कर्जरोखे काढले, दोन टक्के व्याजाने, पंचवीस वर्षांच्या मुदतीचे. त्या रोख्यांची परतफेड नियमित अंदाजपत्रकात घातली, तर ज्यांना काँगोचा खर्च मान्य नव्हता त्यांनी तेवढा हिस्साही कापून भरायला सुरुवात केली. उधारी काढून हरकत झाकायला गेलं की ती दुसऱ्या खात्यात डोकं वर काढते.

मग सनदेचं १९वं कलम. सदस्याची थकबाकी मागच्या पूर्ण दोन वर्षांच्या आकारणीइतकी किंवा तिच्याहून जास्त झाली, तर आमसभेत त्याला मत नाही. १९६४च्या अधिवेशनात सोव्हिएत संघ त्या रेषेपलीकडे गेला होता. मत काढून घ्यावं तर संघटना फुटायची भीती, न घ्यावं तर कलमाला अर्थ उरत नाही. शेवटी असं ठरलं की मतदानच घ्यायचं नाही. सगळं अधिवेशन सर्वसंमतीने जेवढं होईल तेवढं रेटलं. अल्बानियाने हट्ट धरल्यामुळे फेब्रुवारी १९६५ मध्ये एकदाच, तेही कामकाज कसं चालवायचं यावर, मतं मोजली गेली. ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग यांनी आग्रह सोडला, पण सोडताना नोंदवून ठेवलं की दुसऱ्यांना सामूहिक जबाबदारीतून सूट घेता येत असेल तर अमेरिकाही सबळ कारण असल्यास तसंच करण्याचा हक्क राखून ठेवते. आज जे चाललं आहे त्याची सुरुवात त्या वाक्यात आहे. एकाला सूट दिली की दुसरा तिचा दाखला देतो. तुमच्या सात बिऱ्हाडांनी दाखला दिला तोही याच साखळीतला.

आता या कलमाचा हिशेब बारकाईने बघू, कारण मोठ्या देणेकऱ्याला ते का लागत नाही हे आकड्यांतच कळतं. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत किंवा १ जानेवारीला, जे नंतरचं असेल तेव्हा, आकारणी देय होते. पण ती थकबाकीत मोजली जाते पुढच्या १ जानेवारीपासून. समजा एखाद्या देशाची आकारणी दर वर्षी १०० आहे. मागच्या दोन वर्षांची बेरीज २००. त्याने दोन वर्षं छदामही भरला नाही, तर तिसऱ्या वर्षाच्या १ जानेवारीला बाकी २०० होते आणि मत जातं. पण त्याने दोन भरले की बाकी १९८ होते आणि मत राहतं. पुढे दर वर्षी १०० भरत राहिला की तो जवळजवळ दोन वर्षांची थकबाकी डोक्यावर ठेवून जन्मभर मत देऊ शकतो. आणि निवडून वजा करणाऱ्याची गोष्ट याहून सोपी. दर वर्षी पाच टक्के कापले तर २००ची रेषा गाठायला चाळीस वर्षं लागतात. या मोजणीत शांतिसेनेची आकारणीही धरतात, त्यामुळे ज्याची एकूण आकारणी मोठी त्याची रेषाही उंच. कलम रचलं आहे ते मुळीच न भरणाऱ्यासाठी. थोडं थोडं कापणाऱ्याला ते सहसा पकडत नाही.

तुमच्या वाडीत हाच नियम लावला तर काय होईल? दोन वर्षांचे २,४००, दर वर्षी कापलेले ३००. मत जायला आठ वर्षं. तोवर सभामंडपाचे पत्रे पुन्हा गंजायला लागतील.

कलमात एक माणुसकीची फटही आहे, ती विसरू नये. न भरण्याचं कारण देशाच्या हाताबाहेरचं असेल तर आमसभा मत ठेवू शकते. कोमोरोस, साओ तोमे आणि सोमालिया यांना अशी मुभा वर्षानुवर्षं मिळत आली. ऐपत नसणं आणि मनात नसणं यांत फरक करायची सोय नियमातच हवी.

शांतिसेनेच्या पट्टीत अमेरिकेची कापणी वेगळ्या तऱ्हेची आहे. तिथे बाब निवडलेली नाही, टक्का कापला आहे. १९९४ साली तिथल्या काँग्रेसने कायदा केला की शांतिसेनेच्या खर्चाचे पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. मधली बरीच वर्षं या मर्यादेला अपवाद काढून जास्त भरलं गेलं. २०१७ पासून मर्यादा पुन्हा कडक झाली. २०२५ ते २०२७ साठी आकारणी २६.१६ टक्के आणि भरण्याची मर्यादा २५ टक्के, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतबाहेरचा फरक. ऐकायला किरकोळ. पण अंदाजपत्रक साडेपाचशे कोटी डॉलरच्या घरातलं असलं की तो दर वर्षी सहा कोटींच्या वर जातो, आणि साठत जातो.

ही तूट कोण सोसतं? सैन्य पाठवणारे देश. जवानामागे दरमहा ठरलेली रक्कम राष्ट्रसंघ त्या देशाला परत करतो. २०१८ साली हा दर १,४२८ डॉलर झाला, पुढे थोडा वाढला. गाड्या, तंबू, दवाखाना यांचं भाडं निराळं. तिजोरीत पैसा नसला की पहिली थांबते ती ही परतफेड, कारण कर्मचाऱ्यांचे पगार थांबवता येत नाहीत. भारत आपली पट्टी वेळेवर भरतो आणि सैन्यही मोठ्या संख्येने पाठवतो. म्हणजे ज्याने पूर्ण भरलं त्याचेच पैसे अडकतात. वाडीच्या भाषेत, ज्याने वर्गणी भरून वर पंपासाठी आपल्या घरची वायर दिली, त्यालाच ‘वायरचे पैसे पुढच्या वर्षी’ असं ऐकावं लागतं. या अन्यायाबद्दल मला तरी शांतपणे लिहिता येत नाही.

उशिरा भरणं हीसुद्धा एक निवडच. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने जानेवारीची पट्टी पुढच्या अंदाजपत्रकातून द्यायची असं ठरवलं, तेव्हापासून सगळ्यात मोठा हप्ता वर्ष सरत आल्यावर येत आला. तोवर संघटना राखीव निधीवर तग धरते. वाडीत मुंबईकर गणपतीला येतात तेव्हा वर्गणी देतात आणि विजेचं बिल मात्र दरमहा येतं, तोच ताण. यावर उपाय एकच: खेळतं भांडवल. निदान चार महिन्यांचा खर्च पेटीत कायम हवा. तुमच्या आकड्यांत ते १६,००० होतात.

राष्ट्रसंघाच्या नियमांत आणखी एक खोट आहे, आणि ती अलीकडे जिवावर उठली आहे. मंजूर खर्चातला जो भाग खर्च झाला नाही तो सदस्यांच्या पुढच्या पट्टीतून वजा करून द्यावा लागतो. पैसेच आले नाहीत म्हणून खर्च झाला नसला, तरी कागदावर ती ‘शिल्लक’ दिसते. म्हणजे जे हाती आलंच नाही ते परत करायचं. २०२५ संपताना नियमित अंदाजपत्रकाची थकबाकी सुमारे १५७ कोटी डॉलर होती आणि जानेवारी २०२६ मध्ये महासचिव गुटेरेश यांनी सदस्यांना पत्र लिहून आर्थिक कोसळण्याचा इशारा दिला, त्यात या नियमावर बोट ठेवलं होतं. वाडीच्या ठरावात ‘शिल्लक पुढील वर्षी वजा’ असं कोणी सुचवलं तर ‘प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेतील शिल्लक’ असे शब्द घाला.

मग ‘अमेरिकेचं कोणी काही वाकडं केलं का’ याचं उत्तर? केलं, पण आमसभेच्या मतापेक्षा दुसरीकडे. १९९६ साली राष्ट्रसंघाच्या अर्थविषयक सल्लागार समितीवरची तिची जागा निवडणुकीत गेली. स्थापनेपासून ती तिथे होती. १९९९ मध्ये ती मत जायच्या काठावर आली तेव्हा काँग्रेसने ९२ कोटी ६० लाख डॉलर तीन हप्त्यांत द्यायचा कायदा केला, पण अटींसह. मुख्य अट पट्टी कमी करण्याची. डिसेंबर २००० मध्ये वरची मर्यादा २५ वरून २२ टक्क्यांवर आली, आणि त्या एका वर्षाची फट बुजवायला टेड टर्नर यांनी स्वतःच्या खिशातून ३ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. म्हणजे अडवणुकीने पट्टी कमी करून मिळाली, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९८५ सालच्या कापणीनंतरही असंच झालं होतं: पुढच्याच वर्षी अंदाजपत्रक शक्यतो सर्वसंमतीने मंजूर करायची रीत पडली. लक्षात घ्या, दोन्ही वेळी मिळालं ते सगळ्यांनी बसून बदललेल्या नियमातून. कापलेल्या बाबीतून काही मिळालं नाही.

युनेस्कोचं उदाहरण उलटं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाइनला पूर्ण सदस्य करून घेतलं, आणि पॅलेस्टाइनला पूर्ण सदस्य करणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नयेत या अमेरिकेच्या जुन्या कायद्यामुळे तिची २२ टक्के पट्टी त्या दिवसापासून बंद झाली. युनेस्कोचा नियम राष्ट्रसंघापेक्षा कडक: चालू आणि मागचं वर्ष मिळून जेवढं देणं, त्याच्या वर बाकी गेली की सर्वसाधारण परिषदेत मत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेचं मत गेलं. २०१८ संपताना ती बाहेर पडली, जुलै २०२३ मध्ये साठ कोटींच्या वरची बाकी हळूहळू फेडण्याच्या बोलीवर परत आली, आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅलेस्टाइन सदस्य आहेच. जपानने २०१६ साली नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेल्या हत्याकांडाच्या कागदपत्रांच्या नोंदीवरून युनेस्कोची पट्टी रोखली होती, ती त्याच डिसेंबरात भरून टाकली. मधल्या काळात बोलणी करायला जागा राहिली. मुंबईच्या बोटींवर काम करणाऱ्या कोकणी खलाशांच्या ओळखीची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना तर आणखी कडक आहे: देय तारखेपासून एक वर्ष झालं की मत बंद.

आता वहीकडे. तुमच्या सात पावत्यांवर ‘वार्षिक वर्गणीपोटी अंशतः जमा रु. ९००, बाकी रु. ३००’ एवढंच लिहा. ‘सभामंडप वगळून’ हे शब्द पावतीवर येऊ देऊ नका. आले तर मंडळाने वजावट मान्य केली असा अर्थ पुढे कोणी काढेल. चेकसोबत ‘संपूर्ण फेड’ असं पत्र आलं असेल तर चेक वटवण्याआधी लेखी कळवा की ही अंशतः जमा धरली आहे. देणेकऱ्याने सांगितलेल्या कर्जालाच पैसे लावावेत असं भारतीय करार कायद्याचं ५९वं कलम म्हणतं, ते कोणी दाखवील. पण ते निरनिराळ्या कर्जांबद्दल आहे. १,२००ची वर्गणी हे एकच देणं आहे, तिच्यातल्या बाबी म्हणजे वेगळी कर्जं नव्हेत. घराच्या खात्यावर जुनी बाकी असेल तर आलेले पैसे आधी तिला लावायचे आणि हा क्रम ठरावात लिहून ठेवायचा, म्हणजे दर वर्षी वाद नको.

खतावणीत घरटी पानावर एक जादा रकाना काढा: ‘हरकतीची बाकी’. तिथे ३०० दिसले पाहिजेत आणि एकूण येण्यातही दिसले पाहिजेत. येणं लपवलं तर ताळेबंद खोटा होतो, आणि हरकत लपवली तर माणसं दुखावतात.

मताबद्दल आधी मंडळाची नोंदणी बघा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर १५व्या कलमाप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. राष्ट्रसंघाला दोन वर्षं लागतात तिथे तुमच्याकडे तीन महिने. एवढं धारदार हत्यार असलं की ते हळू वापरावं: आधी लेखी मागणी, मग मुंबई मंडळात समोरासमोर बैठक, आणि ज्या घरातला कमावता गेला आहे किंवा नोकरी सुटली आहे त्याला हप्ते. ही सूट ठरावात नावाशिवाय, निकष म्हणून लिहा.

पुढच्या वर्षी मात्र पेट्या दोन करा. पाणी, शिमगा आणि किरकोळ यांची सक्तीची वर्गणी घरटी ९००. सभामंडपासारख्या बांधकामाला ‘बांधकाम निधी’, वेगळं बँक खातं, वेगळं पावती पुस्तक, आणि ठरावातच लिहिलेलं की हा सक्तीचा की ऐच्छिक. ऐच्छिक असेल तर पुरेसे पैसे जमेपर्यंत मिस्त्रीला इसार द्यायचा नाही. सक्तीचा असेल तर दोनतृतीयांश घरांची संमती असल्याशिवाय तो आणायचा नाही. मग ज्याने कापलं त्याची झळ नेमकी त्याच कामाला लागेल आणि पंपाला लागणार नाही.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नका. ३०० रुपयांसाठी पालखी त्या घराच्या अंगणात थांबवायची नाही, नळ तोडायचा, मयताला जायचं नाही, असले ठराव रायगड-रत्नागिरीत झाले आहेत आणि त्यांनी गावंच्या गावं फाटली आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६चा कायदा २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावावर सही करणारे चिटणीस आणि अध्यक्ष त्यात पहिले येतात. बाकी वहीत राहू द्या, पालखी सगळ्यांच्या अंगणात जाऊ द्या, आणि सात घरांना मे महिन्याच्या सभेची सूचना पंधरा दिवस आधी, विषयपत्रिकेसह, रजिस्टर पोस्टाने पाठवा. पहिला विषय: सभामंडपाच्या खर्चावरील हरकतींची सुनावणी.